संवाद हरवतो कोठे ?



घरी चित्रपट पाहताना वडीलधाऱ्या माणसांची एक तक्रार हल्ली वारंवार कानी येते. पात्रे पुटपुटतात आणि स्फोट मात्र घर हालवतात. आपण त्यांच्या कानांना दोष देऊन मोकळे होतो. परंतु हा दोष पुष्कळदा कानांचा नसून संकलकाच्या मेजावरचा असतो, आणि तो तेथेच दूर करता येतो, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

चित्रपटगृहातील ध्वनी बहुधा सहा प्रवाहांत विभागलेला असतो. समोर डावा, मधला व उजवा, प्रेक्षकांच्या दोन्ही अंगांना एकेक, आणि सहावा केवळ खर्जातल्या गडगडाटासाठी. यालाच ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणतात. १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या ७० मिलिमीटर प्रतींत अशी मांडणी होती. तीत संवाद मुख्यतः मधल्या प्रवाहात ठेवतात. कोपऱ्यातल्या प्रेक्षकालाही शब्द पडद्यावरूनच यावा, हा त्यातला हेतू.

घरी मात्र बहुधा दोनच स्पीकर. सहाचे दोन करताना मधला प्रवाह ३ डेसिबलने उतरवून दोन्हीकडे वाटतात. हिशेब बरोबर असतो, पण शब्दाची स्वतंत्र जागा जाते. संगीत, पाऊस, गर्दी, सारे त्याच दोन स्पीकरांतून त्याच्या अंगावर येते. कधी संगणक पहिले दोनच प्रवाह उचलतो. मग संवादाचा केवळ पुसट प्रतिध्वनी उरतो. शिवाय काही फायलींत मधला प्रवाह दुसरा असतो, तर काहींत तिसरा. हा क्रम चुकला की संवाद एकाच बाजूला जाऊन बसतो.

मग उपाय काय ? सगळाच आवाज वाढवणे हा नव्हे. त्याने स्फोटही वाढतो. प्रथम सहाही प्रवाह वेगळे करावेत आणि एकेक ऐकून मधला कोणता ते ठरवावे. तेवढाच ३-४ डेसिबलने चढवावा. तो कमाल मर्यादेला भिडू लागला, तर बाकीचे उतरवावेत. कुजबूज आणि आरोळी यांतील अंतर ‘कॉम्प्रेसर’ने थोडे कमी करावे. नंतरच सहाचे दोन करावेत, आणि ते भारी हेडफोनवर नव्हे, तर साध्या दूरदर्शनसंचावर, हलक्या आवाजात ऐकून पाहावेत.

मात्र मूळ सहा-प्रवाही प्रत जपून ठेवावी. दिग्दर्शकाने मुद्दाम दबकी ठेवलेली कुजबूज मोठ्याने ओरडून सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. कुजबूज कुजबूजच राहावी, पण ती कळावी. मधल्या प्रवाहात पावलांचे वा दारांचे आवाज मिसळलेले असतील, तर शब्दाबरोबर तेही चढतील. म्हणून प्रत्येक प्रसंग निराळा तपासावा.

घरातल्या आजीला गोष्ट कळण्यासाठी ‘‘काय म्हणाला रे तो ?’’ असे नातवाला विचारावे लागू नये, एवढी काळजी संकलकाने घ्यावी.