समोरची रिकामी जागा

१९३६ साली लाहोर येथे सरला ठकराल या एकवीस वर्षांच्या मातेने साडी नेसून जिप्सी मॉथ हे हलके विमान एकटीने उडविले. आपणांपैकी किती जणांनी आपल्या सुनेस अशी अनुमती दिली असती?

या विमानात एकामागे एक अशा दोनच उघड्या जागा. शिकविताना शिक्षक पुढे बसे व नळीतून बोले. तो उतरला की भार घटतो, विमान नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडते आणि उतरताना अधिक काळ तरंगते. नवशिक्या तेथेच गांगरतो. आम्ही वकील प्रथम विचारतो, जबाबदार कोण? अनुमती शिक्षकाची खरी. परंतु चाके जमिनीवरून सुटल्यावर प्रत्येक निर्णय विद्यार्थ्याचा. त्या नळीतून आता कोणीही बोलत नाही.