झेप आणि टाच

मुलगी तलवारबाजीला जाऊ लागली, तेव्हा मी हौसेनं तिला धावण्याचे महागडे बूट आणले. तळ जाड, गुबगुबीत. तिसऱ्याच आठवड्यात ती लंगडत घरी आली. घोटा मुरगळला होता. बूट वाईट नव्हते, निवड माझी चुकली होती.

धावताना पाऊल सरळ पुढे पडतं. इथे 14 मीटरच्या पट्टीवर सतत पुढे-मागे करायचं, अन् वार करताना झेपावलं की पुढच्या पायाची टाच आधी आपटते, मागच्या पावलाची आतली कड घासते. उंच, मऊ तळ अशा वेळी कलंडतो. तळ बसका हवा, टाचेखाली मात्र थोडी उशी हवी. खास तलवारबाजीचे बूट मिळतात, पण महाग. सरांनी सुरुवातीला रबरी तळाचे बॅडमिंटनचे बूट सुचवले.

दुकानात सरावाचेच मोजे घालून गेलो. लेकीनं तिथंच झेपा घेतल्या. दुकानदार हसला, हसेना का! चौथ्या झेपेला अंगठा पुढे टेकला, म्हणून एक नंबर वाढवला. ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून दोन वाढवायचा मोह मी आवरला. सैल बुटात पाऊल सरकतं, आणि घोटा नुकता बरा झाला होता.