धारचा फडके स्टुडिओ

गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो घडवला रघुनाथ कृष्ण फडके यांनी. जन्म १८८४, वसईचा. पुढे ते पवारांच्या धार संस्थानात आले आणि माळव्याचेच झाले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

धारमध्ये त्यांचा स्टुडिओ आहे. चौकात उभा राहतो तो धातूचा पुतळा; त्याआधीचं काम स्टुडिओत घडतं. आधी सांगाड्यावर माती चढते, मातीत चेहरा घडतो, मातीवरून साचा निघतो, साच्यातून प्लास्टरची प्रत. मला ब्राँझपेक्षा ही प्रत मोलाची वाटते, कारण मातीवर पडलेला बोटांचा दाब तिच्यात तसाच उतरतो. पण प्लास्टर फार नाजूक! ओल लागली की भुसभुशीत होतं, धक्का लागला की नाकाचा शेंडा, कानाची पाळी झडते. म्हणून अशा प्रती असलेले स्टुडिओ वेळीच, जाणत्या हातांनी जपायला हवेत.

गायक कुमार गंधर्वांच्या ओढीनं देवासला जाणाऱ्या मराठी रसिकांनी इंदूरवरून पुढे धारही जरूर गाठावं. तिथला किल्ला पाहावा आणि फडक्यांच्या शिल्पांसाठी निवांत वेळ राखून ठेवावा.