हवेची कढई आणि पापुद्र्यांचा खाऊ

शहरांतील स्वयंपाकघराच्या ओट्यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक नवें यंत्र येऊन बसलें आहे. आकार लहानशा पिंपाएवढा, पुढें ओढून काढावयाचा कप्पा, कप्प्यांत जाळी, आणि आंच व वेळ ठरविण्याच्या दोन कळा. त्याला सर्वत्र 'एअर फ्रायर' म्हणतात. शब्दाचा अर्थ लावावयाचा तर 'हवेंत तळणारें भांडें'. हें नांव ऐकतांच कोणाला वाटतें, आतां तेलतुपाचें भय सरलें. हवें तितकें गोडधोड करावें आणि खावें. दुसऱ्या कोणाला वाटतें, तेलावांचून तळण म्हणजे पाण्यावांचून पोहणें. यांत कांहीं तरी फसवणूक असली पाहिजे. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत. ज्या घरांत मधुमेहाचा किंवा हृद्रोगाचा रुग्ण आहे, आणि अशीं घरें आज पुष्कळ आहेत, तेथें पहिली समजूत महागांत पडण्याचा संभव असतो. तेव्हां हें यंत्र वास्तविक करतें काय, आणि झटपट होणारा पापुद्र्यांचा गोड खाऊ त्यांत कसा साधतो, हें नीट पाहून घेणें हिताचें आहे.

यंत्र नवें असलें तरी त्याचें तत्त्व नवें नाहीं. बंद भट्टींत पंखा बसवून तापलेली हवा फिरती ठेवली, तर अन्न लवकर तापतें. अमेरिकेंतील विल्यम मॅक्सन यांनीं १९४५ च्या सुमारास या तत्त्वावर 'व्हर्लविंड', म्हणजे वावटळ, या नांवाची एक भट्टी तयार केली. लांबच्या विमानप्रवासांत गोठविलेलें जेवण गरम करून वाढतां यावें, हा तिचा हेतु होता. पुढें नेदरलंड्समधील फ्रेड व्हान डेर वेय यांनीं बटाट्याचे काप थोड्या तेलांत कुरकुरीत व्हावेत म्हणून खटाटोप केला, आणि त्यांतून निघालेलें घरगुती यंत्र फिलिप्स कंपनीनें २०१० सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत लोकांपुढें मांडलें. सारांश, वंशावळ पाहिली तर एअर फ्रायर हा कढईचा नव्हे, भट्टीचा नातू आहे. हें घराणें ध्यानांत ठेवलें कीं त्याच्याकडून काय मागावें आणि काय मागूं नये, हें पुष्कळसें उलगडतें.

कढईंत पदार्थ पडला कीं १६० ते १८० अंश सेल्सिअस तापलेलें तेल त्याला सर्व बाजूंनीं एकदम भिडतें. पदार्थांतील पाण्याची वाफ होऊन बुडबुडे उसळतात, पृष्ठभाग कोरडा होतो, आणि वाफ निघून मोकळ्या झालेल्या जागेंत तेल शिरतें. त्यांतलें बरेंचसें तर पदार्थ झाऱ्यावर निथळत असतां, निवतां निवतां आंत ओढलें जातें. हवेची गोष्ट निराळी. १८० अंशांच्या भट्टींत क्षणभर हात घालून बाहेर काढतां येतो. तितक्याच तापलेल्या तेलांत बोट बुडविण्याची कल्पनाही कोणी करणार नाहीं. उष्णतामान दोहोंकडे एकच. परंतु हवा विरळ असल्यामुळें ती उष्णता सावकाश पोंचविते. शिवाय पदार्थाच्या अंगालगत थंड व ओलसर हवेचा एक पातळ थर चिकटून राहतो आणि गरम हवेची वाट अडवितो. एअर फ्रायरमधील पंखा हा थर सारखा उडवून लावतो. यंत्राची करामत एवढीच. तेवढ्यानें पृष्ठभाग लवकर वाळतो, त्यावर तांबूस रंग चढतो. परंतु स्निग्धता मात्र बाहेरून कोठूनही येत नाहीं.

यावरून एक साधा नियम निघतो. जो पदार्थ आपला खुसखुशीतपणा कढईकडून उसना घेतो, तो या यंत्रांत हिरमुसतो. जो स्वतःच्या पोटांत तूप घेऊन येतो, तो फुलतो. जिलबीचें सैल पीठ हवेच्या झोतांत आकार धरीत नाहीं, जाळींतून ओघळतें. गुलाबजामाची साल वाळून तडकण्याची भीति असते. उलट इराण्याच्या भट्टींतील खारी, दिवाळींतील चिरोटा, मोहन घातलेली करंजी, हीं सारीं पापुद्र्यांचीं भावंडें येथें सुखानें नांदतात. कारण त्यांच्या पिठांतच लोणी किंवा तूप थराथरानें घातलेलें असतें.

पापुद्रा सुटतो तो असा. पिठाचा एक थर, त्यावर लोण्याचा, त्यावर पुन्हां पिठाचा, अशी रचना असते. आंच लागली कीं पिठांतील पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेला मूळ पाण्याच्या सुमारें सोळाशें-सतराशें पट जागा लागते. ती वरचा थर उचलूं लागते. मधलें लोणी दोन थरांस एकमेकांना चिकटूं देत नाहीं. आणि तेवढ्यांत पीठ शिजून आहे त्या आकारांत ताठ होतें. या क्रमांत लोणी अगोदर वितळलें तर तें पिठांत मुरतें, थर एकजीव होतात आणि पापुद्र्याऐवजीं चिवट पोळी हातीं येते. म्हणून दोन गोष्टी कटाक्षानें पाळाव्या लागतात: पीठ थंड असावें आणि यंत्र अगोदरच तापलेलें असावें. मोठ्या भट्टीला तापण्यास पंधरा-वीस मिनिटें लागतात. या लहान भांड्याला तीन-चार मिनिटें पुरतात. झटपट खाऊसाठीं त्याची निवड होते ती याच गुणामुळें.

सर्वांत लवकर होणारा प्रकार म्हणजे तयार पिठाच्या त्रिकोणी घड्या. खारीच्या जातीचें, थर दिलेलें पीठ पातळ पट्ट्यांच्या रूपानें थिजवून बाजारांत मिळतें. पट्टी जेमतेम उलगडेल इतकीच नरम होऊं द्यावी आणि तिचे सुमारें ८ सेंटिमीटरचे चौकोन कापावेत. मधोमध एक लहान चमचा गुलकंद, घट्ट मुरंबा किंवा उरलेलें पुरण ठेवावें. पातळ सारण घेऊं नये. तें उकळून बाहेर येतें आणि जाळीवर करपतें. कडांस दुधाचें बोट लावून त्रिकोणी घडी घालावी, कडा काट्यानें दाबाव्यात आणि वाफेला वाट म्हणून पाठीवर दोन टोंचे मारावेत. नंतर दहा मिनिटें हे त्रिकोण शीतकपाटांत ठेवावेत. तोंवर यंत्र १८० अंशांवर तापवावें. जाळीवर एका वेळीं पांच-सहाच तुकडे, एकमेकांपासून दूर दूर मांडावेत. दाटी केली तर हवा फिरत नाहीं आणि खालची बाजू कच्ची राहते. वरून दुधाचा हात फिरवावा. दुधांतील प्रथिनें आणि शर्करा यांचा उष्णतेनें संयोग होऊन सुरेख तांबूस रंग येतो. या क्रियेचा शोध फ्रेंच रसायनज्ञ लुई मायार यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केला, आणि ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. दहा-बारा मिनिटांत खाऊ तयार होतो. शेवटचीं दोन मिनिटें तुकडे उलटून ठेवावेत. तापणारी तार बहुधा वरच्या बाजूस असते. तेव्हां माथा लवकर रंगूं लागला तर आंच १६० वर आणून वेळ थोडा वाढवावा.

तयार पट्टी विकत घेतांना वेष्टनावरील मजकूर वाचावा. अशा पुष्कळ पट्ट्यांत लोण्याऐवजीं वनस्पति किंवा मार्गारीन घातलेलें असतें. अर्धवट घट्ट केलेल्या तेलांतील ट्रान्स फॅट हृदयाला घातक ठरल्यामुळें भारतांत १ जानेवारी २०२२ पासून खाद्य तेलें व वनस्पति यांतील त्याचें प्रमाण शेकडा २ हून अधिक असूं नये, असा नियम आहे. तरीही लोण्याची पट्टी मिळत असेल तर तीच घ्यावी. चवीचा फरक पहिल्याच घासांत कळतो.

ज्यांना घरचेंच पीठ हवें, त्यांच्यासाठीं चिरोटा आहे. आठ चिरोट्यांसाठीं १०० ग्रॅम मैदा, त्यांत १५ ग्रॅम तुपाचें मोहन आणि चिमूटभर मीठ घालून गार दुधांत घट्ट भिजवावा व ओल्या फडक्याखालीं अर्धा तास मुरूं द्यावा. २० ग्रॅम तूप हातानें चांगलें फेसून त्यांत तितकीच तांदळाची पिठी मिसळावी, हा साटा. तीन पातळ पोळ्या लाटाव्यात, प्रत्येकीवर साटा पसरून त्या एकीवर एक ठेवाव्यात आणि घट्ट वळकटी करून तिचे आठ तुकडे करावेत. हे तुकडे थंड करून हलक्या हातानें लाटावेत. जाळीवर ठेवण्यापूर्वीं सर्वांना मिळून ५ ग्रॅम तुपाचा हात लावावा आणि १६० ते १७० अंशांवर दहा-बारा मिनिटें ठेवावें.

येथें एक अडचण येते, तिचा बंदोबस्त अगोदर करावा. चिरोटा हलका, पापुद्रे सुटले कीं आणखी हलका. पंख्याच्या झोतानें तो उडून वरच्या तारेला लागतो आणि जळतो. त्यासाठीं वरून दुसरी लहान जाळी ठेवावी. तेलकट कागद खालीं घालावयाचा असेल तर तोही मोकळा ठेवूं नये; यंत्र रिकामें तापवितांना तर तो आंत असूंच नये. साखरही अगोदर पेरूं नये. झोतानें ती उडते, आणि उरते ती पीठ भाजण्याच्या आंत करपते. चिरोटे कोमट झाल्यावर ४० ग्रॅम पिठीसाखर वेलदोड्याच्या पुडीसह वरून चाळावी.

करंजीही याच मार्गानें होते, परंतु तिच्याविषयीं अपेक्षा नेमकी असावी. मोहन जरा सढळ, सारण कोरडें, पाठीवर सुईचे दोन टोंचे, दोन्ही अंगांस तुपाचा हात, आणि १६० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटें. मध्यें एकदां उलटावी. हातीं येते ती उत्तम भाजलेली करंजी. तळलेल्या करंजीवर जे बारीक फोड उठतात आणि दांतांखालीं जी ओलसर खुसखुस लागते, ती येथें मिळत नाहीं. पोत बिस्किटाकडे झुकतो. परदेशांतील बंद घरांत, जेथें तळणाच्या धुरानें भिंतीवरील धोक्याची घंटा वाजूं लागते, तेथें दिवाळीच्या चार करंज्या अशा होऊं शकतात, हें थोडें नव्हे. मात्र शंभर करंज्यांचा घाणा घालावयाचा असेल तर कढईच बरी. पांच-सहा नगांच्या हप्त्यांनीं शंभर पुऱ्या करण्यांत सारा दिवस जाईल आणि विजेचा खर्चही वाढेल.

आतां पथ्याचा प्रश्न. वरील चिरोट्यांत मोहन, साटा आणि वरचा हात मिळून ४० ग्रॅम तूप गेलें. आठ चिरोट्यांत तें वांटलें तर प्रत्येकीं ५ ग्रॅम, म्हणजे केवळ तुपाचे ४५ उष्मांक. साखरही प्रत्येकीं ५ ग्रॅम. मैद्याचा हिशेब वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं दिलेल्या सल्ल्याप्रमाणें प्रौढ माणसानें वरून घातलेली साखर दिवसांतून शक्यतों २५ ग्रॅमच्या आंत ठेवणें चांगलें. दोन चिरोट्यांत त्यांतील १० ग्रॅम संपतात. यंत्रानें तळणीचें तेल वगळलें हें खरें. पिठांतलें तूप, मैदा आणि साखर यांतला कण देखील त्यानें कमी केला नाहीं. मधुमेह्याच्या ताटांत हा खाऊ 'तेलाशिवायचा' म्हणून मोकळ्या हातानें वाढणें ही शुद्ध आत्मवंचना होय.

भाजण्यालाही मर्यादा आहे. पिठूळ पदार्थ १२० अंशांहून अधिक आंचेवर कोरडे भाजले कीं त्यांत ॲक्रिलामाइड नांवाचें द्रव्य निर्माण होतें, हें स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं दाखवून दिलें. प्राण्यांवरील प्रयोगांत तें कर्करोगकारक ठरलें आहे. रंग जितका काळपट तितकें तें अधिक. म्हणून सोनेरी रंग येतांच कप्पा ओढावा. तपकिरी होण्याची वाट पाहूं नये.

मग या यंत्राचा खरा लाभ कोणता? कढईंतून निघालेल्या पदार्थानें किती तूप प्यालें, हें घरांत कोणालाही सांगतां येत नाहीं. येथें जें वाटींत मोजलें तेंच पोटांत जातें, आणि तो आंकडा वैद्यास सांगतां येतो. दुसरें असें कीं चार माणसांसाठीं चारच नग करतां येतात. तळणीचें उरलेलें तेल पुन्हां पुन्हां तापविण्याचा प्रसंग येत नाहीं, आणि डबा भरलेला आहे म्हणून जातां येतां तोंडांत टाकण्याचा मोहही होत नाहीं. घरांतील रुग्णाला सणाच्या दिवशीं पाटावरून उठवावें न लागतां, त्याच्या वांट्याचा एक चिरोटा हिशेबानें त्याच्या ताटांत वाढतां येतो. तो गरम असतांनाच वाढावा. पावसाळ्याच्या दमट हवेंत हे पापुद्रे तासाभरांत मऊ पडतात.