दोघांसाठी आखलेली शर्यत

1992 च्या ऑगस्ट महिन्यात जपानच्या निन्टेन्डो कंपनीने आपल्या सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी एक नवा व्हिडिओ गेम बाजारात आणला. त्याचं नाव 'सुपर मारिओ कार्ट'. मारिओ, त्याचा भाऊ लुइजी, राजकन्या पीच, योशी नावाचा डायनोसॉर अशी आठ पात्रं छोट्या उघड्या गाड्यांत बसून शर्यत लावतात आणि वाटेत एकमेकांवर कासवांची कवचं फेकतात, केळ्याच्या साली टाकतात. एवढंच वर्णन ऐकलं, तर हा लहान मुलांचा चार दिवसांचा खेळ वाटेल. पण 2019 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथल्या स्ट्राँग संग्रहालयाने या खेळाला आपल्या जागतिक व्हिडिओ गेम सन्मान-दालनात मानाचं स्थान दिलं. त्याच्या वंशातल्या 'मारिओ कार्ट 8 डिलक्स'च्या सहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या, आणि 2025 मध्ये निन्टेन्डोचं नवं यंत्र बाजारात आलं तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्या जोडीला याच मालिकेचा नवा खेळ होता. व्हिडिओ गेमच्या दुनियेत पाच वर्षांत गोष्टी जुन्या होतात. तिथे हा खेळ तीन दशकं कसा टिकला? माझं उत्तर असं आहे की कमी-अधिक तयारीच्या दोन माणसांना शेजारी बसून, एकाच शर्यतीत मनापासून कसं रमता यावं, हा प्रश्न या खेळाने फार विचारपूर्वक सोडवला.

त्याचा जन्मच मुळी या प्रश्नातून झाला. निन्टेन्डोने 1990 मध्ये 'एफ-झिरो' नावाचा अतिवेगवान शर्यतीचा खेळ काढला होता. तो देखणा होता, पण एकट्याने खेळायचा होता. दोघांना एकाच वेळी खेळता येईल असं काहीतरी करावं, या विचाराने शिगेरू मियामोतो यांच्या देखरेखीखाली तादाशी सुगियामा आणि हिदेकी कोन्नो यांनी काम सुरू केलं. अडचण यंत्राची होती. पडद्याचे दोन भाग करून दोन खेळाडूंची दृश्यं एकदम दाखवायची, तर एफ-झिरोचा वेग आणि त्याचे लांबलचक सरळ रस्ते त्या यंत्राला झेपणारे नव्हते. मग वेग कमी झाला, रस्ते आटोपशीर आणि वळणावळणाचे झाले. भन्नाट मोटारींच्या जागी छोट्या कार्ट आल्या. दृश्याची अवघड गणितं करण्यासाठी खेळाच्या कार्ट्रिजमध्येच एक वेगळी चिप बसवली गेली. मारिओ आणि त्याची मंडळी तर या कामात नंतर आली. म्हणजे आधी दोघांची बैठक ठरली आणि बाकीचं सगळं त्या बैठकीच्या सोयीने आखलं गेलं. एकटा माणूस खेळत असला तरीसुद्धा या खेळात पडदा दुभंगलेलाच राहतो. वरच्या भागात शर्यत आणि खालच्या भागात रस्त्याचा नकाशा किंवा मागून येणाऱ्यांचं दृश्य.

आता खेळाच्या आत जरा जवळून पाहू. वळण आलं की खेळाडू कंट्रोलरच्या वरच्या कडेचं बटण दाबतो. कार्ट एक छोटी उडी घेते आणि बटण धरून ठेवलं तर तिरकी घसरत वळते. बटण वेळेत सोडलं, तर गाडी वेग न गमावता वळणाच्या आतल्या कडेने सुटते. जास्त वेळ धरलं, तर ती गरकन फिरते आणि पुढचे दोघे-तिघे निघून जातात. रस्त्यावर नाणी विखुरलेली असतात. दहा नाण्यांपर्यंत प्रत्येक नाण्यागणिक गाडीचा कमाल वेग थोडा वाढतो. पण नाणी वेचण्यासाठी सरळ वाट सोडावी लागते आणि मार बसला की त्यांतली काही जातात. एकही नाणं नसताना दुसऱ्या गाडीचा नुसता धक्का लागला तरी गाडी भोवंडते. गाड्यांच्याही तऱ्हा आहेत. बाउझर आणि डाँकी काँग ज्युनिअर या पात्रांच्या गाड्या वजनदार. त्या हळू सुरुवात करतात, पण एकदा वेग घेतला की आवरत नाहीत. कूपा आणि टोड यांच्या हलक्या, वळायला सोप्या. पाच फेऱ्यांच्या शर्यतीत हा सगळा हिशेब हाताने, क्षणाक्षणाला मांडावा लागतो. उडीचं बटण कुणालाही दोन मिनिटांत कळतं. त्याची वेळ साधायला मात्र महिने लागतात.

या कौशल्यावर नशिबाचा एक पातळ थर चढवला आहे. रस्त्यावरच्या प्रश्नचिन्हाच्या चौकोनावरून गाडी गेली की एखादी वस्तू हाती येते. ही वस्तू दैवाने मिळते, पण दैवही खेळाडूचा क्रमांक पाहून वाटप करतं. पुढे असणाऱ्याच्या वाट्याला बहुधा केळ्याची साल किंवा हिरवं कवच अशा साध्या गोष्टी येतात. मागे पडलेल्याला काही काळ अजिंक्य करणारा तारा किंवा बाकीच्या सगळ्यांना एकदम छोटं करून टाकणारी वीज मिळू शकते. त्यामुळे मागे राहिलेल्याची आशा शेवटच्या फेरीपर्यंत सुटत नाही आणि पुढे असलेल्यालाही निर्धास्त होता येत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. जो चांगला चालवतो त्याला शिक्षा आणि जो मागे राहतो त्याला बक्षीस, हा न्याय झाला का? आक्षेप गंभीर आहे, कारण केवळ नशिबावर चालणारा खेळ शहाण्या माणसाला फार दिवस धरून ठेवत नाही. पण पत्त्यांतल्या मेंढीकोटाचा विचार करा. पानं कोणती येतील ते आपल्या हाती नसतं, तरी कसलेला खेळाडू आणि नवशिका यांच्यातला फरक चार डावांत उघड होतो. इथेही तसंच घडतं. लाल कवच पाठलाग करत येतं हे खरं, पण मागे केळ्याची साल टाकून त्याला अडवता येतं. शिवाय खेळाच्या कर्त्यांनी निव्वळ कौशल्याची परीक्षाही बाजूला राखून ठेवली आहे. टाइम ट्रायल या प्रकारात प्रतिस्पर्धी नाहीत. फक्त तुम्ही, रस्ता आणि सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारं घड्याळ. 2002 पासून या जुन्या खेळाची जागतिक स्पर्धा फ्रान्समध्ये भरू लागली. खेळातल्या त्याच वीस रस्त्यांवरून क्षणाचा एखादा अंश वाचवण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं सराव करतात. नशिबाने सगळं ठरत असतं तर एवढ्या सरावाला काही अर्थच उरला नसता.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं बालपणाच्या आठवणींचं आणि मारिओच्या लोकप्रियतेचं श्रेय आहे. आठवणींची ओढ असते, हे मान्यच करायला हवं. पण या मालिकेचे आजचे कित्येक खेळाडू 1992 मध्ये जन्मलेलेही नव्हते. आपल्याकडे तर त्या काळी घरोघर व्हिडिओ गेम म्हणून जी यंत्रं आली ती बहुतेक आठ-बिटांची होती. सुपर फॅमिकॉमच्या पिढीची यंत्रं मराठी घरांत क्वचितच पोहोचली. तरीही आज पुण्यातला किंवा न्यू जर्सीतला मराठी मुलगा हा खेळ हाती आला की काही मिनिटांत रंगून जातो. त्याला कसली आठवण खेचत असणार? लोकप्रिय पात्रांचं म्हणाल, तर नावाजलेल्या पात्रांना कार्टमध्ये बसवून शर्यती लावणारे खेळ पुढे इतरांनीही काढले. 'क्रॅश टीम रेसिंग'सारखे त्यांतले काही खरोखर उत्तम होते. पण ओळखीचा चेहरा माणसाला पहिल्यांदा खेळायला बसवतो. शंभराव्यांदा बसवायला खेळच चांगला असावा लागतो.

एक उणीव मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. या पहिल्या खेळात संगणकाने चालवलेले प्रतिस्पर्धी नियम पाळत नाहीत. प्रत्येकाकडे स्वतःचं ठरावीक शस्त्र असतं आणि ते मिळवण्यासाठी त्याला प्रश्नचिन्हाच्या चौकोनावरून जावं लागत नाही. एकट्याने खेळताना हे खटकतं आणि आजच्या खेळाडूला जास्तच खटकेल. पण ही उणीव माझं म्हणणं पक्कंच करते. शेजारी खराखुरा माणूस असला की दोघांनाही तेच नियम, तोच रस्ता, तेच घड्याळ. बॅटल प्रकारात तर शर्यत नाहीच. गाडीभोवती तीन फुगे असतात आणि समोरच्याचे तिन्ही फोडायचे असतात. संगणकाला तिथे जागाच ठेवलेली नाही, कारण तो प्रकार दोघांचाच आहे. खेळ जिथे दोन माणसांच्या हाती सोपवला आहे, तिथे तो आजही तितकाच चोख आहे.

नव्या आवृत्त्यांत चित्रं कितीतरी सुंदर झाली, रस्ते आकाशात आणि पाण्याखाली गेले, खेळाडू जगभरातून एकमेकांशी जोडले गेले. पण वळणावरची घसरण, मागच्याला मिळणारी संधी आणि शेजारच्याला हरवण्याची मजा हा पाया 1992 चाच आहे. मुलांनी व्हिडिओ गेम खेळावेत की नाही, यावर आपल्या घरांतून पुष्कळ वाद होतात. त्या वादात किती तास खेळावं याइतकाच कुणाबरोबर खेळावं हा प्रश्नही महत्त्वाचा मानायला हवा. आजी आणि नात, थोरला आणि धाकटा, सरावलेला आणि नवखा यांना एकाच बाकावर बसवून दोघांनाही जिंकण्याची खरी आशा देणं, ही खेळ रचणाऱ्याची मोठी कसोटी असते. 'सुपर मारिओ कार्ट' त्या कसोटीला उतरला आणि म्हणून तो टिकला.