अंगणातला गुलमोहर

आमच्या अंगणातला गुलमोहर अब्बांनी लावलेला. झाडांवर मी पुष्कळ कविता लिहिल्या, पण झाड सांभाळणे शिकलो नाही. पावसाळ्याच्या तोंडावर स्वस्तात छाटणारी माणसे बोलावली. त्यांनी घराकडच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. मी खाली उभा राहून ‘अजून थोड्या’ म्हणत होतो. जुलैतल्या एका रात्री झाड कुंपणावर आडवे झाले. पावसाला काय बोल लावणार? सारा भार एका बाजूला, आणि बुंध्यापर्यंत मीच घातलेला कोबा!

नंतर एका जाणकाराने समजावले. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडे असते. काप त्याच्या लगेच बाहेर घ्यावा. जखम झाकण्याचे काम झाड तिथूनच करते. कडेच कापले तर कूज आत शिरते. जाड फांदीला आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून खाच द्यावी, मग किंचित पुढे वरून कापावे, उरलेला खुंट शेवटी. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. शेंडा छाटू नये. तिथे फुटणारे धुमारे कमकुवत असतात. जखमेला डांबर फासण्याचीही गरज नसते.

महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५च्या कायद्यानुसार स्वतःच्या अंगणातले झाड तोडायलाही परवानगी लागते. छाटणीआधीही पालिकेच्या उद्यान विभागात विचारावे.

आता तिथे बकुळ लावली आहे. कोबा उखडून चारी बाजूंनी माती मोकळी ठेवली आहे. अब्बांनी ती तशीच ठेवली होती.