बांधावरचा साग आणि परदेशातील लाकडी फरशी

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मेळाव्यात दरवेळी कोणीतरी विचारते, "सर, बांधावरचे साग वीस वर्षांचे झाले. व्यापारी उभ्या झाडांचे एकगठ्ठा पैसे देतो म्हणतो. देऊ का?" उत्तर देण्याआधी थोडे लांबच्या बाजारात जाऊन येऊ.

युरोप-अमेरिकेत घरात लाकडी फरशी घालण्याची पद्धत आहे. त्यासाठी ओक सर्वांत जास्त चालतो, सागालाही मान आहे. पूर्वी सबंध जाडीच्या फळ्या वापरीत. आता बहुधा खाली प्लायवूड आणि वर २ ते ६ मिलिमीटर चांगल्या लाकडाचा थर असतो. पायाखाली दिसतो तो हाच थर. म्हणून लाकूड सरळ, गाभ्याचे आणि गाठी नसलेले हवे. जी गोष्ट तिथल्या फरशीची, तीच आपल्याकडच्या दाराच्या चौकटीची.

दुसरी गोष्ट कागदांची. रशियाच्या अतिपूर्वेला, सैबेरियन वाघाच्या जंगलात, चोरून तोडलेला ओक चीनच्या कारखान्यांत गेला आणि फरशी होऊन अमेरिकेत विकला गेला. २०१६ मध्ये तेथील न्यायालयाने लंबर लिक्विडेटर्स या कंपनीकडून दंड व इतर रकमा मिळून १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक वसुलीचा आदेश दिला. २०२३ मध्ये युरोपीय संघाने केलेल्या कायद्यात तर लाकूड कोणत्या जमिनीवर वाढले, तिचे अक्षांश-रेखांश मागितले आहेत. त्याची अंमलबजावणी लांबली, पण दिशा स्पष्ट आहे.

आता साग. ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर आपल्या देशात लागवडीच्या सागाची आयात अधिकच महत्त्वाची झाली. इक्वेडोर, कोस्टा रिका, पनामा, घाना येथील ओंडके कांडला बंदरात उतरतात. साग मूळचा आपल्या भागातला. तिकडे तो लावलेला आहे. ही झाडे बहुतेक २० ते २५ वर्षांचीच असतात. म्हणजे आपल्या सागाची स्पर्धा जुन्या जंगलाशी नाही, निगा राखलेल्या लागवडीशी आहे.

इथे घरचाच अनुभव सांगतो. वडिलांनी २००१ मध्ये बांधावर साग लावले आणि नंतर तिकडे पाहिले नाही. २०२२ मध्ये व्यापारी आला. झाडांची सात-बारावर नोंद नव्हती. परवान्याची खटपट त्याने केली आणि ती भावातून कापून घेतली. एकाही झाडाचा घेर आम्ही मोजला नाही. गिरणीवर ओंडके चिरताना मी उभा होतो. निम्म्या फळ्यांत गाठी निघाल्या. मी दुसऱ्यांना शिकवतो, आणि घरी मात्र दिव्याखाली अंधार!

म्हणून चार गोष्टी सांगतो.

१. झाडांची नोंद आजच सात-बारावर करून घ्या.

२. फांद्या अंगठ्याएवढ्या असतानाच खोडालगत छाटा. उंचीच्या खालच्या एक-तृतीयांश भागातच छाटणी करा. जाड फांदी उशिरा तोडली तर गाठ लाकडातच राहते.

३. दाट लागवडीत शेंडे एकमेकांना भिडू लागले की वाकडी व दबलेली झाडे काढून विरळणी करा.

४. विक्रीपूर्वी जमिनीपासून साडेचार फुटांवर प्रत्येक झाडाचा घेर मोजून वहीत लिहा आणि दोन-तीन व्यापाऱ्यांकडून भाव घ्या. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे परवानगी मिळाल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. साग विकायला हरकत नाही, पण एकगठ्ठा आणि न मोजता देऊ नका. वीस वर्षे सांभाळलेल्या झाडाची किंमत अर्ध्या तासात ठरवू नये. आमच्या घरी ती तशी ठरली. तुमच्या घरी ठरू नये, एवढ्यासाठीच हे सांगितले.